एक डोळा समोर, एक डोळा घराकडे

आम्ही आण्याच्या पठारावरून, बचत गटातल्या बाया बोलतोय. आवाज एकीचा आहे, पण काय बोलायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलंय, म्हणून 'आम्ही' म्हणतो.

याआधी या कार्यक्रमात आम्ही शेळ्यांच्या लसीवर बोललो, गटाच्या हिशेबावर बोललो. आज एका चित्राबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आधी आम्हीही हसलोच होतो.

गोष्ट सुरू झाली ती एका फोटोवरून. आमच्या गटाची पहिली अध्यक्ष, तिला आम्ही सगळ्या आक्का म्हणायचो, ती गेली. वर्षश्राद्ध जवळ आलं तसा तिच्या लेकाने भिंतीवर लावायला फोटो शोधायला घेतला. सापडले दोन. एक आधार कार्डावरचा, काळपट आणि धुरकट. दुसरा गटाचा, बँकेसमोर काढलेला. त्यात आक्का मागच्या रांगेत आणि वाऱ्याने पदर तोंडावर आलेला. लेकाने आधारचा फोटो मोठा करायला स्टुडिओत दिला. तिथल्या पोराने मन लावून काम केलं. सुरकुत्या पुसल्या, रंग उजळला, मानेखाली भरजरी पैठणी जोडली, गळ्यात दागिने घातले. फ्रेम घरी आली. आम्ही बघायला गेलो. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी एकीने तोंड उघडलं, "बाई छान आहे गं, पण ही कोण?"

आक्काने जन्मात पैठणी नेसली नव्हती.

आमच्यातल्या एकीची मुलगी कॉलेजात जाते. शाळेत असताना तिने चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिलेल्या. ती म्हणाली, "मावशी, फोटो नाही तर नाही. आपण आक्कांचं चित्र काढू." आम्ही विचारलं, "तुला तिचं तोंड नीट आठवतं का?" ती म्हणाली, "तोंड नाही आठवत नीट. पण तोंड सोडून बाकीचं पुष्कळ आठवतं." आणि तिने मोबाईलवर आम्हाला एक चित्र दाखवलं.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून शब्दांत सांगतो. एक बाई आहे. डोक्यावर लाल टोपी, टोपीला निळं फूल. चेहरा हिरवा-पिवळा. नाक बाजूने काढलंय, पण डोळे दोन्ही समोरून दिसतात. तोंडाशी रुमाल धरलाय, दातांखाली चावलाय, आणि तेवढाच भाग निळा-पांढरा, फुटलेल्या काचेसारखा टोकदार. बोटं कुठली आणि रुमाल कुठला तेही कळत नाही. चित्राचं नाव 'रडणारी बाई'. काढणारा पाब्लो पिकासो, स्पेन देशाचा चित्रकार. साल १९३७. चित्र फार मोठं नाही, दोन फूट उंच आणि दीड फूट रुंद. आज ते लंडनमध्ये आहे.

आमच्यातली एक म्हणाली, "ही बाई का भुताटकी?" दुसरी म्हणाली, "याला काढता येत नसेल." मुलगी म्हणाली, येत होतं. पिकासोचे वडील चित्रकला शिकवायचे. पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्याने आजारी बाईचा हात धरून बसलेल्या डॉक्टरचं मोठं चित्र काढलं, ते अगदी हुबेहूब आहे. म्हणजे ज्याला हुबेहूब जमत होतं, त्याने ते जाणूनबुजून मोडलं. का मोडलं असेल?

इथे आम्ही जरा थांबलो. मग बालवाडीच्या ताईंना एक गोष्ट सुचली. त्या म्हणाल्या, लहान पोराला बैल काढायला सांगा. बैल बाजूने काढेल, पण डोळे दोन काढेल. आपण म्हणतो चुकलं. पोर म्हणतं, बैलाला दोन डोळे असतात. पोर खोटं बोलत नाही. त्याला जे दिसतं तेवढंच ते काढत नाही, जे ठाऊक आहे तेही काढतं. उलट आपल्या लेण्याद्रीचा गिरिजात्मज घ्या. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आपण जातो. मूर्तीची मान एका बाजूला वळलेली, म्हणून डोळा एकच दिसतो. पण अर्ध्याच देवाचं दर्शन झालं असं कोण म्हणतं? दुसरा डोळा आपण मनाने बघतो.

पिकासो आणि त्याचा मित्र जॉर्ज ब्राक यांनी पॅरिसमध्ये १९०७-०८ च्या सुमाराला हाच प्रश्न हाती घेतला. फोटो एका जागी उभं राहून, एका क्षणी निघतो. पण आपण माणसाला तसं कुठे बघतो? समोरून बघतो, पाठमोरं बघतो, खाली वाकलेलं बघतो, वर्षानुवर्षं बघतो. मग हे सगळं एकाच कागदावर का येऊ नये? म्हणून त्यांनी वस्तूचे आणि चेहऱ्याचे तुकडे पाडले, वेगवेगळ्या बाजूंनी दिसणारे, आणि ते शेजारी-शेजारी मांडले. एका टीकाकाराला ती चित्रं नुसती ठोकळ्यांची वाटली. त्यावरूनच या रीतीला क्युबिझम हे नाव पडलं. मराठीत घनवाद म्हणतात. नाव अवघड आहे, काम आपल्या ओळखीचं आहे. गोधडी शिवताना आपण काय करतो? आजीच्या लुगड्याचा तुकडा, लेकाच्या सदऱ्याचा तुकडा, बाळंतपणातल्या दुपट्याचा तुकडा. वेगवेगळ्या सालांतली चिंधी एकाच पांघरुणात येते. कुणी विचारत नाही की ही गोधडी नेमकी कुठल्या दिवसाची.

आता ती रडणारी बाई कुठून आली ते सांगतो. स्पेनमध्ये गेर्निका नावाचं गाव आहे. २६ एप्रिल १९३७ ला, सोमवारी, त्या गावावर विमानांनी बॉम्ब टाकले. तो तिथला आठवडे बाजाराचा दिवस होता. आपला बाजार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तिथे कोण मेलं असेल ते कळेल. पिकासो तेव्हा पॅरिसमध्ये होता. वर्तमानपत्रात त्याने वाचलं, आणि भिंतीएवढं चित्र काढलं, पंचवीस फुटांहून रुंद. त्यात मेलेलं मूल मांडीवर घेऊन आभाळाकडे तोंड करून ओरडणारी आई आहे. ते चित्र जूनमध्ये पुरं झालं, प्रदर्शनातही गेलं. पण ती रडणारी बाई त्याच्या हातातून सुटेना. पेन्सिलीने, शाईने, रंगाने, पुन्हा पुन्हा तो तीच काढत राहिला. अश्रू कधी रेघा झाले, कधी खिळे झाले. मोबाईलवरचं चित्र आलं ते ऑक्टोबरमध्ये. म्हणजे पहिल्या बातमीपासून सहा महिन्यांनी. आम्हाला वाटायचं, चित्रकाराला एकदम सुचतं आणि तो काढून मोकळा होतो. तसं नसतं. भाकरी थापायला शिकणाऱ्या पोरीसारखंच ते आहे. मोडायची, पुन्हा मळायची, पुन्हा थापायची.

मग एकीने रोकडा प्रश्न विचारला, "हे झालं परदेशातलं. आपल्याकडे असं कुणी काढलंय का?"

काढलंय. आणि तो माणूस आपल्या पंढरपूरचा. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ मध्ये पंढरपुरात झाला. दीड वर्षांचे असताना त्यांची आई गेली. आईचं नाव झैनब. तिचा एकही फोटो नव्हता. पुढे वडिलांबरोबर ते इंदूरला गेले, मग मुंबईला. मुंबईत पोटासाठी त्यांनी सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवले. म्हणजे नट-नट्यांचे चेहरे, पुरुषभर उंचीचे. ज्या हाताला दुसऱ्यांचे चेहरे एवढे सरावाचे, त्याला स्वतःच्या आईचा चेहरा ठाऊक नव्हता.

१९४७ मध्ये ते मुंबईतल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुपमध्ये आले. आपले अमरावतीकडचे ह. अं. गाडे आणि गोव्याचे सुझा हेही त्यात होते. या मंडळींनी पिकासोची रीत पाहिली होती. पण हुसेन यांनी ती जशीच्या तशी उचलली नाही. १९४८ मध्ये दिल्लीत त्यांनी जुन्या भारतीय मूर्तींचं आणि लघुचित्रांचं मोठं प्रदर्शन पाहिलं. मग घनवादाचे तुकडे आणि आपल्या मूर्तींची वळणं असं दोन्ही त्यांच्या चित्रांत आलं. १९७१ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या प्रदर्शनाला पिकासो आणि हुसेन या दोघांनाही खास बोलावणं होतं.

पुढे १९७९ मध्ये मदर तेरेसांना नोबेल मिळालं. त्यानंतर हुसेन वर्षानुवर्षं त्यांची चित्रं काढत राहिले. पांढरी साडी, निळे काठ. मांडीवर मूल नाहीतर आजारी माणूस. हात स्पष्ट. कधी एकाच चित्रात तीच साडी दोन-तीन ठिकाणी, जशी कामाची बाई घरात एकाच वेळी सगळीकडे असते. आणि पदराच्या आत, जिथे तोंड असायला हवं, तिथे नुसता काळोख. तेरेसांचा चेहरा तर साऱ्या जगाला ठाऊक होता. काढायला काय अवघड होतं? पण ती जागा त्यांनी मोकळी ठेवली. न पाहिलेल्या आईचा चेहरा ते आयुष्यभर शोधत होते आणि ते स्वतः तसं सांगतही असत. फोटो नाही म्हणून त्यांनी पैठणी चिकटवली नाही, कुठलं तरी गोरं तोंडही बसवलं नाही. ठाऊक नाही ते मोकळं सोडलं.

हुसेन यांच्या दुसऱ्या काही चित्रांवरून मोठे वाद झाले, कोर्टात खटले गेले, पुष्कळांची मनं दुखावली. २००६ मध्ये त्यांनी देश सोडला आणि २०११ मध्ये लंडनला ते वारले. हेही सांगायला हवं. एकच बाजू सांगून चालणार नाही, कारण आजचा आमचा सगळा विषय तोच आहे.

तर आम्ही एका शनिवारी बसलो. ठरलं असं की प्रत्येकीने आक्काची एकच गोष्ट सांगायची, मुलगी ती कागदावर टिपेल. तोंड शेवटी बघू. एकीने सांगितलं, टँकर आला की आक्का रांगेत आधी म्हाताऱ्यांचे हंडे पुढे सरकवायची. आपल्या तालुक्यात एवढी धरणं, पण पठार उंच, पाणी खालीच राहतं, म्हणून टँकरची रांग आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. दुसरीने सांगितलं, रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीचा प्रसाद असतो, तेव्हा आक्का दुरड्या भरभरून भाकरी करायची आणि बोटाच्या ठशावरून तिची भाकरी ओळखू यायची. तिसरीने सांगितलं, बँकेत साहेबांपुढे आम्ही सगळ्या उभ्या राहायचो, आक्का खुर्ची ओढून बसायची. चौथी म्हणाली, वहीत तिचा एकही हप्ता चुकलेला नाही. आमच्या सगळ्यांचे डोळे भरून आले. चित्र आमच्या मनात तयार झालं, हंडा, भाकरी, खुर्ची, वही. जवळजवळ देवीच.

आक्काची सून दाराशी बसली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. तीही गटात आहे, पण बैठकीत ती कधी बोलायची नाही. आम्ही उठणार, तेवढ्यात ती म्हणाली, "हप्ता कुठून यायचा ते कुणी विचारलं का?"

आम्ही पुन्हा खाली बसलो.

ती म्हणाली, "कर्ज माझ्या नवऱ्याच्या धंद्यासाठी घेतलं. धंदा बसला. आक्कांनी सांगितलं, गटात माझं नाव खराब व्हायला नको. तीन वर्षं मी पठार उतरून खाली बागायतीत कांदे काढायला गेले. मजुरीतलं दहा रुपयेसुद्धा माझ्या हातात राहिले नाहीत. पोर अंगावर पीत होतं, ते मी दुपारी घरी ठेवलं. तुमच्या वहीत आक्कांचा हप्ता लिहिलाय. तो माझा हात आहे."

कुणाला काय बोलावं सुचेना. एकजण म्हणालीच, "मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये." तिला दुसरीने गप्प केलं. खरं सांगायचं तर आम्हाला राग आला होता, पण तिचा नव्हे. तीन वर्षं ती सकाळी सहाच्या जीपने जाताना आम्ही रोज बघत होतो. बघत होतो, पण एकाच बाजूने.

तेव्हा त्या मुलीने आम्हाला 'रडणारी बाई'ची उरलेली गोष्ट सांगितली. ज्या बाईला समोर ठेवून पिकासोने ती काढली, तिचं नाव डोरा मार. ती स्वतः फोटो काढणारी आणि चित्रकार होती. गेर्निकाचं मोठं चित्र होत असताना त्याचे टप्प्याटप्प्याने फोटो तिनेच काढले, म्हणून तर ते कसं घडलं हे आज आपल्याला कळतं. पण जगाने तिला ओळखलं ते रडणारी बाई म्हणून. पिकासो आपल्या बायकांशी आणि मैत्रिणींशी नीट वागला नाही, हेही आता सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे डोरा म्हणाली की त्याने काढलेली माझी सगळी चित्रं खोटी आहेत, ती पिकासोची आहेत, त्यांतली एकही मी नव्हे. एवढ्या बाजू दाखवणारा चित्रकार, पण ती रडत नसताना कशी होती, फोटो काढताना कशी उभी राहायची, ती बाजू त्याच्या चित्रात राहूनच गेली.

म्हणजे रीत चांगली असून भागत नाही. कुणाकुणाला विचारलं, यावरही सगळं आहे.

सुनेला आम्ही म्हणालो, "मग आता तू सांग, काय काढायचं." ती बराच वेळ गप्प होती. मग जे बोलली त्याची आम्हाला अपेक्षा नव्हती. म्हणाली, "माझ्या दुसऱ्या बाळंतपणात रात्री कळा सुरू झाल्या. जीपवाला उठेना. आक्कांनी त्याच्या दारावर दगड मारले. वाटेत माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. हात तोच होता, जो माझी मजुरी मोजून घ्यायचा. दोन्ही काढा. आणि डोळे दोन्ही एकाच बाजूला बघणारे काढू नका. एक डोळा तुमच्याकडे असू द्या. दुसरा कायम माझ्यावर असायचा."

हसावं की रडावं कळेना. पण आम्ही सगळ्या हसलो, तीही हसली.

चित्र एका बैठकीत झालं नाही. तीनदा खोडलं. पहिल्यांदा फारच गोड झालं. दुसऱ्यांदा सुनेची बाजू घेता घेता आक्का चेटकीण झाली. तेव्हा सूनच म्हणाली, "अशाही नव्हत्या त्या." तिसऱ्यांदा माणसं जास्त झाली आणि आक्काच दिसेना. चौथ्या कागदावर जमलं. मोठा हात मधोमध. त्याच्या एका बाजूला हंडा, एका बाजूला पैसे मोजणारी बोटं, खाली मांडीवर टेकलेलं सुनेचं डोकं. मागे खुर्चीची पाठ. पदराच्या आत तोंड नाही, फक्त दोन डोळे. एक समोर बघतो, एक घराकडे. कोपऱ्यात कांद्याची पात आहे. ती सुनेने स्वतः काढली. तिने शाळा सुटल्यापासून हातात पेन्सिल धरली नव्हती.

चित्र आमच्या बैठकीच्या खोलीत लावलंय. पैठणीची फ्रेम लेकाच्या घरी आहे, ती त्याने काढली नाही, आणि आम्हीही काढ म्हणालो नाही. त्यालाही आई सुखात बसलेली बघायची असेल.

पण वहीत एक बदल केला. हप्त्याच्या रकान्याशेजारी आम्ही आणखी एक रकाना आखलाय, पैसे कुणाच्या कष्टाचे. कर्ज मागणारी बाई आली की तिच्या घरातल्या दुसऱ्या बाईलाही बोलावतो, आणि दोघींशी वेगवेगळं बोलतो. या रकान्यात पहिलं नाव सुनेचं लिहिलं, मागच्या तीन वर्षांच्या तारखांनिशी. आक्काचं नाव खोडलं नाही. दोन्ही शेजारी-शेजारी आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही अशी एखादी बाई असेल, गेलेली किंवा हयात, जिचा धड फोटो नाही. एकदा बसा. कागद घ्या. चित्र येत नसेल तरी चालेल, नुसत्या वस्तू काढा. तोंडापासून सुरुवात करू नका, हातापासून करा. सगळ्यांचं एकमत झालं की उठू नका. दाराशी कोण बसलीय ते बघा, आणि तिला विचारा.

एवढंच सांगायचं होतं.